वाळवंटी मोटारीची घरगुती साधने : लिबियाच्या वाळवंटातील एक प्रकरण (१९१६–१९४३)

यंत्राचा इतिहास लिहिताना आपण साधारणतः कारखान्यापासून प्रारंभ करतो. आराखडा कोणी काढला, पहिले यंत्र कोणत्या साली बाहेर पडले, किती खपले, या प्रश्नांची उत्तरे हाती आली म्हणजे इतिहास पुरा झाला असे मानण्याची रूढी आहे. वस्तुतः कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर यंत्राचे दुसरे आयुष्य सुरू होते. वापरणारा मनुष्य त्यात भर घालतो, त्यातले काही काढून टाकतो, आणि निर्मात्याने कल्पिलेही नव्हते असे काम त्याच्याकडून करून घेतो. या दुसऱ्या आयुष्याचे आराखडे नसतात, पेटंटे नसतात, बहुधा पावत्याही नसतात. उरतात ती फक्त वस्तूंची नावे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मोटारींच्या इतिहासात डोकावण्याचे धाडस का करावे, याचे उत्तर यातच आहे.

प्रस्तुत लेखात लिबियाच्या वाळवंटातील एका प्रकरणाचा विचार करावयाचा आहे. नाईलच्या पश्चिमेस इजिप्त, लिबिया आणि सुदान या तीन देशांत पसरलेल्या या निर्जल प्रदेशात १९१६ ते १९४३ या काळात साध्या, स्वस्त मोटारी फिरल्या. ज्या थोड्या घरगुती साधनांमुळे त्या फिरू शकल्या, त्यांची घडण, त्यांचा प्रवास आणि त्यांचे श्रेय हा येथील विषय होय.

(१)

या कथेचा आरंभ फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीपासून होतो. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या या गाड्यांची संख्या दीड कोटीवर गेली आणि १९२५ च्या सुमारास तिचा मूळ दर तीनशे डॉलरच्याही खाली आला होता. गाडी हलकी, जमिनीपासून उंच आणि साध्या हत्यारांनी खोलता येण्याजोगी होती. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी तिचे मागचे चाक उचलून धरून त्यावर पट्टा चढविला आणि लाकडे कापण्याचे करवत चालविले. फेरफारांची परंपरा अशा रीतीने गाडीच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर होती.

पहिल्या महायुद्धात इजिप्तच्या पश्चिम सीमेवर सनुसींशी लढा चालू असता ब्रिटिश सैन्याने १९१६ पासून ‘लाइट कार पेट्रोल’ या नावाच्या तुकड्या उभारल्या, आणि त्यांत हीच गाडी वापरली. वाळवंटात तिचे दोन दोष तत्काळ उघड झाले. एक, तिचे पाणी उकळे. दुसरा, ती वाळूत रुते. तिसरी अडचण गाडीची नव्हे, प्रदेशाची होती : दिशा कळत नसे. पुढील पंचवीस वर्षांत जी साधने सिद्ध झाली ती या तीन अडचणींची उत्तरे होत.

(२)

मॉडेल टीच्या इंजिनास पाणी फिरविणारा पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढावे आणि निवलेले खाली उतरावे, एवढ्याच तत्त्वावर तिची शीतनव्यवस्था उभी होती. मऊ वाळूत, खालच्या गिअरमध्ये, पाठीमागून वारा असता पाणी हटकून उकळे आणि वाफ रेडिएटरच्या नळीतून हवेत निघून जाई. जेथे माणसाच्या पिण्याचे पाणी मोजून द्यावे लागते तेथे ही उधळपट्टी प्राणघातक होती.

यावर जो उपाय निघाला तो एका डब्याचा. रेडिएटरचे झाकण घट्ट बंद करावयाचे आणि वाफ बाहेर सोडणारी नळी गाडीच्या बाजूस बांधलेल्या, अर्धवट पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवावयाची. वाफ डब्यातील थंड पाण्यात शिरून तेथेच पाणी होई. डब्यातील पाणीही उकळू लागले की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावयाची. इंजिन निवताच रेडिएटरमध्ये पोकळी निर्माण होऊन डब्यातील पाणी त्याच नळीतून परत आत खेचले जाई. एक डबा आणि हातभर नळी एवढ्यावर हे काम होई. आज बहुतेक मोटारींत रेडिएटरशेजारी प्लास्टिकची लहान टाकी दिसते. वर चढलेले पाणी परत घेण्याचे तिचे तत्त्व हेच आहे.

या डब्यास सैनिक ‘कंडेन्सर’ म्हणत. प्रयोगशाळेतील एक भारदस्त शब्द पत्र्याच्या डब्यास मिळाला, हे लक्षणीय आहे. वापरणाऱ्यांना त्यामागचे तत्त्व ठाऊक होते, याची ही शाब्दिक साक्ष होय.

(३)

महायुद्धानंतर हे ज्ञान लोपण्याच्या वाटेवर असता राल्फ बॅग्नोल्ड (१८९६–१९९०) हा अभियंता-अधिकारी १९२६ मध्ये इजिप्तमध्ये आला. रजेच्या दिवसांत, मुख्यतः स्वखर्चाने, तो आणि त्याचे मित्र प्रथम मॉडेल टी आणि पुढे मॉडेल ए गाड्यांतून वाळवंटात जाऊ लागले. याच काळात इजिप्तच्या राजघराण्यातील कमालुद्दीन हुसेन यांनी सित्रोएन कंपनीच्या पट्टाचाकी गाड्या नेऊन १९२६ मध्ये गिल्फ कबीर पठाराचे दर्शन घेतले होते. तो मार्ग खर्चिक होता. बॅग्नोल्डच्या मंडळींजवळ पैसा नव्हता, म्हणून त्यांना विचार करावा लागला.

उत्तरेकडून दक्षिणेकडे सुमारे ६५० किलोमीटर पसरलेला ‘वाळूचा महासागर’ मोटारीस अनुल्लंघ्य मानला जाई. बॅग्नोल्डने गाडीवरील अनावश्यक भार उतरविला, टायरांतील हवा कमी केली, आणि कैरोच्या जुन्या बाजारातून काही पोलादी पन्हळी विकत घेतल्या. या पन्हळी पहिल्या महायुद्धात खंदकांतील भुयारी निवाऱ्यांच्या छपरांसाठी बनविलेल्या होत्या. रुतलेल्या चाकापुढील वाळू हातांनी उकरून पन्हळ चाकाखाली सरकवावयाची, गाडी तिच्यावरून वेग घेई, आणि मग ती पन्हळ उचलून पुढे धावावयाचे. हवा कमी केलेले टायर पसरट होऊन गाडीचे वजन अधिक क्षेत्रावर वाटून देत. त्यामुळे मुळात रुतण्याचे प्रसंगच कमी येत.

या पन्हळींना ‘सँड चॅनेल’ हे नाव मिळाले. पुढे त्यांची जागा सपाट, भोके पाडलेल्या पट्ट्यांनी घेतली, तरी ‘चॅनेल’ हा शब्द टिकला. सपाट पट्टीस पन्हळ का म्हणावे, हे तिच्याकडे पाहून उलगडत नाही. त्यासाठी कैरोतील भंगाराच्या दुकानापर्यंत मागे जावे लागते. वस्तू बदलली तरी शब्दाने तिचा पहिला आकार जपून ठेवला आहे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. साधने केवळ अडचण निवारीत नाहीत, ती नवे प्रश्नही सुचवितात. कोणती वाळू गाडी पेलते आणि कोणती गिळते, हे चालकास कळणे भाग होते. वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर वाऱ्याने थापलेले कण घट्ट बसलेले असतात, तर आडोशाच्या बाजूस घसरून पडलेली वाळू सैल असते, हा भेद चाकांनी प्रथम शिकविला. १९३५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर बॅग्नोल्डने लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये स्वतः वातबोगदा उभारून वाळूच्या गतीचा अभ्यास केला, आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा या विषयावरील ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. मंगळावर ‘क्युरिऑसिटी’ हे यान २०१५ च्या अखेरीस ज्या वालुकागिरींपाशी पोहोचले त्यांना बॅग्नोल्डचेच नाव दिलेले आहे.

(४)

दिशेच्या प्रश्नास मिळालेले उत्तर आपल्याकडील ज्योतिषाच्या अभ्यासकास परके वाटणार नाही. चुंबकीय होकायंत्र मोटारीतील लोखंडामुळे फसते. त्याचा उपयोग करावयाचा तर गाडी थांबवून दूर चालत जावे लागे. म्हणून गाडीवर एक आडवी तबकडी बसविण्यात आली. तिच्या कडेवर ३६० अंशांच्या खुणा आणि मध्यभागी उभी सुई असे. ठराविक वेळी ठराविक स्थळी सूर्य कोणत्या दिशेस असतो याची कोष्टके जवळ असत. त्यांनुसार तबकडी फिरवून ठेवावयाची आणि सुईची सावली खुणेवर राहील अशी गाडी हाकावयाची. आपल्या सिद्धान्तग्रंथांतील शंकूचे तत्त्व याहून वेगळे नाही. फरक इतकाच की येथे शंकू चालत्या गाडीवर बसलेला आहे. उन्हाळ्यात भर मध्यान्ही सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होई, तेव्हा थांबण्यावाचून गत्यंतर नसे.

(५)

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरला. सैन्यात परत बोलावलेला बॅग्नोल्ड तेव्हा कैरोत होता. शत्रूच्या पिछाडीस वाळवंटातून टेहळणी-तुकड्या पाठविण्याची त्याची योजना सेनापती वेव्हेल यांनी मान्य केली आणि तयारीस अवघे सहा आठवडे दिले. पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या नावाने प्रसिद्धीस आलेले दल ते हेच. प्रारंभीचे सैनिक न्यूझीलंडचे होते आणि त्यांत शेतीवर स्वतःची यंत्रे स्वतः दुरुस्त करणारे पुष्कळ होते. १९४२ मध्ये या दलास भारतीय घोडदळाच्या रिसाल्यांतून निवडलेल्या सैनिकांचे एक पथकही जोडण्यात आले. मालवाहू शेव्रोलेट गाड्यांची दारे, टप आणि काचा काढून टाकण्यात आल्या. त्यांवर डबा, पन्हळी आणि छायातबकडी चढली. रजेतील छंदात तपासलेली साधने जशीच्या तशी युद्धात गेली. सहा आठवड्यांत तयारी झाली असे आपण म्हणतो, पण त्या सहा आठवड्यांमागे चोवीस वर्षांचा अनुभव उभा होता.

(६)

स्वस्त ते सर्व उपयुक्त ठरले, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. ब्रिटिश सैन्य पेट्रोल नेत असे ते चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून. घासलेटचा रिकामा डबा धान्यासाठी किंवा न्हाणीघरातील पाण्यासाठी वापरणाऱ्या मराठी घरास त्याचा आकार सांगावयास नको. खडबडीत वाटेवर हे डबे फुटत आणि पेट्रोलचा मोठा हिस्सा मुक्कामापूर्वीच वाळूत जाई. सैनिकांनी या डब्यास ‘फ्लिम्झी’, म्हणजे ‘तकलादू’, असे नाव दिले. विशेषणाचे नाम झाले आणि त्या नामात तक्रार कायमची कोरली गेली. याउलट जर्मनांचा भक्कम पोलादी डबा हाती लागला तो जपून ठेवला गेला. जर्मनांस ‘जेरी’ म्हणण्याच्या सैनिकी प्रघातातून त्यास ‘जेरीकॅन’ हे नाव पडले आणि ते जगभर रूढ झाले. शत्रूच्या वस्तूचा स्वीकार केल्याची कबुली देणारा असा शब्द विरळाच.

तरीही फुटका डबा वाया गेला नाही. तो मधोमध कापून वाळू भरावयाची, वर पेट्रोल ओतून पेटवावयाचे, की चहाची शेगडी तयार होई. डबा कारखान्याने दिलेल्या कामात नापास झाला आणि वापरणाऱ्याने दिलेल्या कामात उत्तीर्ण झाला.

(७)

अखेरीस श्रेयाचा प्रश्न. सूर्य-होकायंत्र आज बॅग्नोल्डच्या नावाने ओळखले जाते आणि वाफेच्या डब्याचे श्रेयही पुष्कळदा त्यासच दिले जाते. परंतु या दोहोंची पूर्वरूपे लाइट कार पेट्रोलमध्ये वापरात होती. त्या तुकड्यांतील न्यूझीलंडचे अधिकारी क्लॉड विल्यम्स यांच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास २०१३ साल उजाडले. ज्या चालकाने पहिल्या प्रथम नळीचे टोक पाण्यात बुडविले, त्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही. यात बॅग्नोल्डचा दोष मानण्याचे कारण नाही. विखुरलेल्या युक्त्या एकत्र करणे, त्या सुधारणे, शब्दांत मांडणे आणि पुढील पिढीच्या हाती देणे, हे त्याचे कार्य लहान नव्हे. ज्ञान टिकविणाऱ्याचे नाव ज्ञानास मिळते, ही भाषेची सवय आहे. इतिहासकाराने मात्र तिला पुरावा समजू नये.

अशा साधनांस आज सर्रास ‘जुगाड’ म्हटले जाते. या शब्दात कौतुक आहे, तसेच वेळ मारून नेल्याची छटाही आहे. प्रस्तुत प्रकरणास तो शब्द लावता येईल असे वाटत नाही. येथे प्रत्येक युक्तीमागे तत्त्व होते आणि प्रत्येकीची कसोटी प्राणांवर बेतणारी होती. जी उतरली ती पुढे गेली, जी उतरली नाही तिला सैनिकांनी ‘तकलादू’ म्हटले. आपल्या गावोगावच्या गॅरेजांत, शेतांवर आणि बंदरांवर अशी किती साधने नावासह अस्तित्वात आहेत, याची नोंद अद्याप व्हावयाची आहे. वस्तू गंजून जाते आणि कारागीर निघून जातो. शब्द त्यांच्यामागे काही काळ रेंगाळतो. तो काळ संपण्यापूर्वी हे शब्द टिपून घेणे, हे इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही शाखांचे समान कार्य आहे.