आंबट एल (पिंपात मुरवलेली)
वाइन काढून घेतलेल्या ओकच्या पिंपांत काही महिने ते दोन-तीन वर्षे मुरवलेली आंबट चवीची बिअर. वाइनसाठी वापरायचे बोर्दो पद्धतीचे पिंप साधारण २२५ लिटरचे असते. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडा ऑक्सिजन आत येतो. ब्रेटॅनोमायसीज हे यीस्ट उरलेली शर्करा हळूहळू संपवते. लॅक्टोबॅसिलस व पेडिओकॉकस हे जीवाणू लॅक्टिक अम्ल तयार करतात. दही आणि महाराष्ट्रातील ज्वारी-नाचणीची आंबील यांचा आंबटपणाही याच अम्लाचा. हवा जास्त लागल्यास ॲसिटिक अम्ल वाढून बिअरला शिरक्याचा झोंबरेपणा येतो.

बेल्जियममधील रूसेलारे येथील रोडेनबाख (स्थापना १८२१) ही जुन्या परंपरेची मद्यशाळा. तेथे उंच ओक-पिंपे वापरतात. अमेरिकेतील रशियन रिव्हर मद्यशाळेची ‘कॉन्सिक्रेशन’ (सु. १०% अल्कोहोल) काबर्ने सोव्हिन्यों वाइनच्या पिंपांत करंट फळांसह मुरते.

आस्वाद : ट्यूलिपच्या आकाराच्या पेल्यात, सु. १०–१३° से. तापमानाला, थोडीच ओतावी. आधी वास घ्यावा : आंबट चेरी, द्राक्षाची साल, ओले लाकूड, व्हॅनिला. पहिला घोट आंबटपणाने जीभ दचकवतो. खरी पारख दुसऱ्या घोटापासून होते. ओक व द्राक्षातील टॅनिनांमुळे शेवटी तुरटपणा रेंगाळतो. आंबट, तुरट व फळांचा गंध यांपैकी कोणीही दुसऱ्याला झाकत नसेल, तर बिअर उत्तम मुरली असे समजावे. अल्कोहोलचे प्रमाण जास्त असल्यास ती घोटाघोटानेच चाखावी.