स्टिरॉइड, पांढऱ्या पेशी आणि बुरशी : आपण काय समजून घ्यावे?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राण घेतले. लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. स्टिरॉइडचा बेसुमार वापर आणि आटोक्यात नसलेला मधुमेह ही त्यामागची मोठी कारणे होती.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. श्वासावाटे ते आपल्या शरीरात रोज जातात. फुप्फुसातील मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळून मारतात. त्यातूनही एखाद्या बीजाणूला तंतू फुटले, तर रक्तातील न्यूट्रोफिल पेशी तिथे पोहोचून तीव्र रसायनांनी ते नष्ट करतात. पेशींचे हे गिळणे एली मेचनिकॉफ यांनी १८८४ मध्ये डॅफ्निया या पाण्यातल्या सूक्ष्म जिवात दाखवले. पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

स्टिरॉइड नेमके इथेच आड येते. मॅक्रोफेज बीजाणू गिळतो, पण त्याला मारण्यात कमी पडतो. न्यूट्रोफिलची रक्तातली संख्या उलट वाढलेली दिसते, कारण त्या रक्तवाहिनीबाहेर पडून संसर्गाच्या जागी कमी जातात. म्हणजे तपासणीत आकडा भरपूर, पण जागेवर शिपाई नाही. त्यात स्टिरॉइडने साखरही वाढते आणि या पेशी आणखी मंदावतात.

संधिवातावरील इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे टीएनएफ हा पेशींमधला संदेश रोखतात. त्यानेही बुरशीचा धोका वाढतो. याउलट, काही मुलांच्या पेशी जन्मतःच बुरशी मारण्यात कमी पडतात. त्यांना गॅमा इंटरफेरॉन देऊन पेशींचे बळ वाढवतात.

म्हणून स्टिरॉइड वाईट ठरत नाही. २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरील कोरोना रुग्णांचे प्राण वाचवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा झाला नाही. प्रश्न कोणाला, किती आणि किती दिवस, हाच आहे.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे सांगावे :

- नायट्यासाठी मेडिकलमधून मनाने मलम घेऊ नका. अनेक मलमांत स्टिरॉइड असते. खाज थांबते, नायटा पसरतो.
- डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका.
- गोळ्या चालू असताना साखर तपासा.
- चेहऱ्याची एक बाजू दुखणे वा सुजणे, नाकातून काळपट स्राव, दुहेरी दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.