तलावपाळीवरचा उन्हाळा

उन्हाळ्याच्या सुटीत दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. ठाण्यातील जुन्या कुटुंबांना मात्र उन्हाळ्याचा आनंद घराजवळच्या तळ्याकाठीच लाभत आला आहे. मासुंदा तलावाच्या काठाला ठाणेकर ‘तलावपाळी’ म्हणतात. दिवसभराचा उकाडा सोसून सायंकाळी तेथे यावे, पाण्यावरून येणारी झुळूक अंगावर घ्यावी, मुलांनी होडीसाठी हट्ट धरावा, येऊरच्या डोंगरातील करवंदे चाखीत काठाने एक फेरी मारावी. या सुखाला खर्च थोडा आणि समाधान मोठे! याच दिवसांत ईस्ट इंडियन घरांच्या अंगणात मिरच्या वाळत असतात, वर्षभराचा बाटली मसाला कुटला जातो आणि मरियामातेच्या या मे महिन्यात सायंकाळी क्रुसाजवळ जपमाळ होते.

ठाण्यातील तलावांची परंपरा शिलाहार राजवटीपर्यंत मागे नेली जाते. शिलाहारांच्या ताम्रपटांत या नगराचा ‘श्रीस्थानक’ असा उल्लेख येतो. तळी खोदली गेली ती करमणुकीसाठी नव्हे, तर माणसांची आणि गुराढोरांची तहान भागविण्यासाठी. मासुंद्याच्या परिसरात कोपिनेश्वराचे मंदिर आणि संत योहान बाप्तिस्ताचे चर्च ही दोन्ही प्रार्थनास्थळे आहेत. एकाच पाण्याच्या शेजाराने दोन्ही समाज नांदत आले आहेत.

आपल्यापैकी पुष्कळांचा समज असा, की ठाण्यातील ख्रिस्ती जीवनाचा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. सन 1321 च्या उन्हाळ्यात, म्हणजे पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे, चार फ्रान्सिस्कन बंधू येथे आले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री ही त्यांची नावे. होर्मुझहून कोल्लमकडे निघालेले त्यांचे जहाज ठाण्याला येऊन लागले. त्यांना आसरा दिला तो येथील एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाने. पुढे आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने ठाण्यात अशी पंधरा घरे असल्याचे नमूद केले आहे.

तत्कालीन अधिकाऱ्यांपुढे त्या बंधूंना आपल्या श्रद्धेचा जाब द्यावा लागला. 9 एप्रिल रोजी तिघांना आणि 11 एप्रिल रोजी पीटर यांना मरण आले. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता! त्यांचे सहप्रवासी, दोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. ओदोरिक यांनी त्यांच्या अस्थी पुढे चीनपर्यंत नेल्या. सन 1894 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी थॉमस यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली.

अशाच एका एप्रिलमध्ये, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी सुमारे चारशे पाहुण्यांसह ठाण्याला आली. एका उन्हाळ्यात चार परके पाहुणे आले आणि त्यांचे रक्त येथे सांडले. दुसऱ्या उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांचे स्वागत झाले. आगगाडीची तारीख शाळेतील मूल सांगते. रक्तसाक्षींची नावे आपल्या किती घरांत ठाऊक आहेत?

विस्मरणाचा हा दोष तळ्यांच्याही वाट्याला आला आहे. एकेकाळी ठाण्यात साठेक तळी होती असे सांगितले जाते. आज पस्तीसच्या आसपास उरली आहेत. पाणी नळाने येऊ लागले, तळ्याची गरज सरली आणि कित्येक तळी बुजली. ज्याची गरज सरते त्याची आठवण जाणीवपूर्वक जपावी लागते; तळ्याची तशीच पूर्वजांची.

24 जूनला, पावसाच्या आरंभी, संत योहान बाप्तिस्ताचा सण येतो. यार्देनच्या पाण्यात प्रभूला स्नान घालणाऱ्या संताचे मंदिर तळ्याच्या शेजारी असावे, हे किती समर्पक! त्या सणाआधी एखाद्या सायंकाळी मुलांना तलावपाळीवर न्यावे. करवंदांचा द्रोण हाती द्यावा आणि त्या पंधरा घरांची व चार पाहुण्यांची हकीकत सांगावी. रिकामा द्रोण मात्र तळ्यात टाकू देऊ नये.