लांब पल्ल्याच्या विमानात केबिन क्रूची कामं कशी वाटलेली असतात?

मुंबई किंवा दिल्लीहून अमेरिकेला थेट जाणारं विमान पंधरा-सोळा तास हवेत असतं. एवढ्या वेळात केबिन क्रू प्रवाशाच्या नजरेस पडतो तो बहुधा ट्रॉली ढकलताना. त्यामुळे कामाची वाटणीही जेवणावरून होत असणार, असा समज होतो: पुढच्या महागड्या वर्गात सीनियर, मागे इकॉनॉमीत नवखे. हे अर्धंच खरं आहे. विमानात माणसं आधी दरवाज्यांवर वाटली जातात. कोण कुठल्या रांगांना जेवण देणार, हे त्यानंतर ठरतं.

आपल्याकडचा 'हवाई सुंदरी' हा शब्द या गैरसमजात भरच घालतो. एक तर या कामात पुरुषही भरपूर आहेत. आणि दुसरं म्हणजे, किती माणसं विमानात हवीत हे ठरवताना कायदा चहा-कॉफीचा विचारच करत नाही.

आधी दरवाजा, मग ट्रॉली

भारतासह बहुतेक देशांत ढोबळ नियम असा आहे की दर ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू हवा. इथे प्रवासी नाही, आसनं मोजली जातात. १८० आसनांच्या छोट्या विमानात म्हणूनच चार जण दिसतात. साडेतीनशेच्या आसपास आसनं असली की कायद्याने सात-आठ जण लागतात. लांब पल्ल्याच्या विमानात प्रत्यक्षात दहा, बारा किंवा त्याहून जास्त माणसं असतात, कारण सेवा आणि विश्रांती या दोन्हींसाठी ती लागतात.

या आकड्यामागे एक कसोटी आहे. नव्या प्रकारच्या मोठ्या विमानाला परवानगी मिळवायची तर निम्मेच दरवाजे वापरून, अंधारात, ९० सेकंदांत ते रिकामं करता येतं हे सिद्ध करावं लागतं. एअरबस ए-३८० या दुमजली विमानाची ही चाचणी मार्च २००६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला झाली. १६ पैकी ८ दरवाजे उघडले आणि ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. असं काम क्रूशिवाय होत नाही.

म्हणून प्रत्येक दरवाज्याला नाव असतं आणि त्या नावाचा माणूसही असतो. विमानाच्या नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या बाजूचे दरवाजे 'एल' आणि उजवीकडचे 'आर'. क्रमांक पुढून मागे जातात: एल-१, आर-१, एल-२, आर-२. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाला असे दहा दरवाजे आहेत. उड्डाणापूर्वी ब्रीफिंग होतं, त्यात कुणाचा दरवाजा कोणता हे पक्कं होतं आणि सुरक्षेवरचे प्रश्नही विचारले जातात. दरवाज्याजवळची घडीची खुर्ची, तिथलं अग्निशामक, टॉर्च, मेगाफोन, सगळं त्या माणसाने आधी तपासायचं.

विमान गेटवरून निघताना 'आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक' अशा धाटणीची घोषणा होते, तिचा अर्थ इथे लागतो. दरवाजा आर्म केला की तो उघडताच घसरगुंडी आपोआप फुगते. क्रॉसचेक म्हणजे समोरच्या दरवाज्यावरच्या सहकाऱ्याने खात्री करायची. मुक्कामाला पोचल्यावर हेच उलट करायला कुणी विसरलं तर घसरगुंडी गेटवरच फुगते आणि विमान तिथेच अडकून बसतं.

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी हे सगळे आपापल्या खुर्चीत गप्प बसलेले दिसतात. तेव्हा मनात उजळणी चाललेली असते: आग कुठल्या बाजूला लागू शकते, पहिला हुकूम कोणता द्यायचा, जवळच्या रांगांतून मदतीला कोणाला घेता येईल. खिडक्यांचे पडदे वर करायला सांगतात तेही बाहेरचं दिसावं म्हणून.

पर्सर म्हणजे कोण?

क्रूच्या प्रमुखाला बऱ्याच कंपन्यांत पर्सर म्हणतात. हे पद जहाजांवरून आलं. तिथे पर्सर पैसे आणि हिशेब सांभाळायचा. कुठे केबिन मॅनेजर, कुठे सुपरवायझर, कुठे इन-फ्लाइट मॅनेजर अशी नावं बदलतात, काम तेच. कॅप्टन आणि केबिन यांच्यातला दुवा हाच माणूस. त्याच्या हाताखाली प्रत्येक वर्गाला किंवा विमानाच्या प्रत्येक भागाला एक सीनियर असतो. सिंगापूर एअरलाइन्समध्ये तर महिलांची उतरंड कपड्यांवरूनच ओळखता येते: निळी सारोंग कबाया सर्वात कनिष्ठ, मग हिरवी, मग लाल आणि सर्वात वर जांभळी.

अधिकाराची साखळी कॅप्टन, मग सहवैमानिक, मग पर्सर अशी खाली येते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी ही साखळी कराचीत एका झटक्यात तुटली. मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं फ्लाइट ७३ तिथे बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतलं. केबिनमधून वेळीच इशारा मिळाल्याने कॉकपिटमधले तिघं वरच्या झडपेतून निसटले, आणि त्यामुळे विमान हलवणं अपहरणकर्त्यांना शक्य झालं नाही. पण मग विमानातली सर्वात वरिष्ठ अधिकारी उरली ती सीनियर पर्सर नीरजा भनोत. वय २२. पुढचे सुमारे सतरा तास प्रवाशांची जबाबदारी तिच्यावर आणि तिच्या सहकाऱ्यांवर होती. गोळीबार सुरू झाल्यावर प्रवाशांना बाहेर काढताना ती मारली गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

त्याच काळात मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियात मात्र विमानातलं सुपरवायझरचं पद पुरुषांकडेच होतं. एअर हॉस्टेस आणि पुरुष पर्सर असे तिथे दोन वेगळे गट होते. हॉस्टेसना साधारण पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागे. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरवली. लग्नाची अट मात्र राहू दिली. २००५ च्या अखेरीस कंपनीने सुपरवायझरपद महिलांना खुलं केलं, तेव्हा काही पुरुष कर्मचारी त्याविरुद्ध कोर्टात गेले. हा वाद २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महिलांच्या बाजूने मिटला. केबिनमधली वाटणी म्हणजे नुसतं वेळापत्रक नसतं, ते असं.

गॅली आणि बंकर

लग्नाच्या पंगतीत वाढपी सगळ्यांना दिसतात, पण कोठी सांभाळणारा कुणाला दिसत नाही. विमानातली कोठी म्हणजे गॅली. तिथे नेमलेला माणूस जेवणाचे ट्रे मोजून घेतो, ओव्हनची वेळ साधतो, जैन, मधुमेही, लहान मुलांचं अशी आधी नोंदवलेली जेवणं वेगळी काढतो. अशी खास जेवणं सहसा आधी दिली जातात, म्हणून शेजाऱ्याच्या पुढ्यात ताट आलं आणि आपल्या नाही, याचा राग क्रूवर काढण्यात अर्थ नाही. बाकीचे ट्रॉली घेऊन दोन्ही मार्गिकांत जातात.

जेवणं आटोपली, दिवे मंदावले की क्रू निम्मा होतो. लांबच्या उड्डाणात त्यांनी पाळीपाळीने झोप घेणं बंधनकारक असतं. ७७७ किंवा ७८७ मध्ये प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या वरच्या पोकळीत त्यांचे बंक असतात. काही विमानांत ते खाली सामानाच्या मजल्यावर असतात. बाहेरून दिसतो तो फक्त एक साधा दरवाजा. उरलेल्या निम्म्यांनी तेवढ्या वेळात संपूर्ण केबिन बघायची, स्वच्छतागृहात धूर नाही ना हे तपासायचं आणि कॉकपिटमध्ये ठरावीक वेळाने विचारपूस करायची.

संकटात कामं बदलतात

आग लागली की ट्रॉली, वर्ग, हुद्दा बाजूला पडतात आणि तीन भूमिका तयार होतात. जो आग आधी बघतो तो विझवायला लागतो, मग तो कालच भरती झालेला का असेना. दुसरा कॉकपिटला कळवतो आणि फोनवरच राहतो. तिसरा जास्तीची अग्निशामकं आणून देतो. आजकाल ही पाळी बहुतेक मोबाइल किंवा पॉवर बँकच्या बॅटरीमुळे येते. प्रवासी बेशुद्ध पडला तरी वाटणी अशीच: एक त्याच्यापाशी थांबतो, एक औषधपेटी आणि डिफिब्रिलेटर आणतो, एक निरोप देतो. तसंही हे काम रुग्णसेवेच्या जवळचंच. १९३० मध्ये अमेरिकेत नेमलेली पहिली स्टुअर्डेस, एलेन चर्च, प्रशिक्षित नर्सच होती.

या साऱ्याची अलीकडची सर्वात कठीण परीक्षा २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर झाली. जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० धावपट्टीवर उतरताच तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. प्रवासी विमानात ३६७ प्रवासी, कॉकपिटमधले तिघं आणि केबिन क्रूचे नऊ जण होते. केबिनमधली घोषणायंत्रणा बंद पडली, तेव्हा क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरला. आठपैकी पाच दरवाजे आगीमुळे वा धोक्यामुळे उघडताच आले नाहीत. पुढचे दोन उघडले, पण मागच्या प्रवाशांना तिथवर पोचणं अवघड होतं.

मागच्या डाव्या दरवाज्यावरच्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क तुटला होता. हुकूम येण्याची वाट बघायची की नाही, हे तिथेच ठरवायचं होतं. अशा वेळी दरवाज्यावरच्या माणसाने स्वतः निर्णय घ्यावा, हे प्रशिक्षणातच शिकवलेलं असतं. बाहेर आग नाही याची खात्री करून तो दरवाजा उघडण्यात आला. उतरल्यापासून सुमारे १८ मिनिटांत सगळे ३७९ जण विमानाबाहेर होते, शेवटचा उतरला तो कॅप्टन.