नांदी कधी वगळायची? : लोड टेस्टिंगमधल्या कॉलबॅकची गोष्ट

सीबीडी बेलापूरला स्टेट बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. कुठल्याही बँकेच्या यंत्रणेची परीक्षा असते ती पगार-पेन्शनच्या दिवशी. ती गर्दी आधीच खोट्या ग्राहकांकरवी उभी करून पाहणं, म्हणजे लोड टेस्टिंग. आज आपण त्यातल्या कॉलबॅकचाच इतिहास पाहू. कॉलबॅक म्हणजे काय, तर ‘अमुक घटना घडली की मला हाक मार’ असं स्क्रिप्टने सॉफ्टवेअरला सांगून ठेवणं.

मर्क्युरी ही कंपनी 1989 सालची. तिच्या लोडरनरमध्ये स्क्रिप्टचे तीन भाग ठरलेले : इनिट, ॲक्शन, एंड. आपल्या संगीत नाटकात नांदी, प्रवेश आणि भरतवाक्य असतं ना, तसंच. पुन्हा पुन्हा चालतो तो मधला भाग. लॉगिन मात्र सहसा नांदीत घातलं जाई. म्हणजे खोटा ग्राहक एकदाच आत शिरतो आणि शंभरदा शिल्लक पाहतो. खरे पेन्शनर तसं करतात का? ते लॉगिन करतात, शिल्लक बघतात, निघून जातात. चाचणी पास होते आणि एक तारखेला लॉगिनचाच सर्व्हर कोसळतो.

2011 साली पायथनमधलं लोकस्ट आलं. त्यात ऑन-स्टार्ट, ऑन-स्टॉप लिहिलं तर हाक येते, नाही लिहिलं तर नाही. पण वगळायचं तर स्क्रिप्टलाच हात लावावा लागे. 2017 मध्ये खुल्या झालेल्या के-सिक्सने पुढे बाहेरून सोय दिली : कमांडमध्ये ‘नो-सेटअप’ किंवा ‘नो-टिअरडाउन’ म्हणा, स्क्रिप्ट तीच राहते.

याचा उपयोग काय? सेटअप हजारो चाचणी-खाती उघडत असेल, तर प्रत्येक छोट्या फेरीला तो खर्च कशाला? आणि टिअरडाउन खाती पुसून टाकत असेल, तर बिघाडाचा पुरावाही जातो. ते बंद ठेवलं की आपल्याला तपास करता येतो.

मात्र सेटअप वगळला की त्याने दिलेली माहिती मुख्य भागाला मिळत नाही. स्क्रिप्टने त्याची तजवीज ठेवायला हवी. शिवाय कुठला कॉलबॅक बंद होता हे अहवालात लिहिलंच पाहिजे. नाहीतर दोन चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून आपण स्वतःचीच फसवणूक करू.