आनंदवर्धन

आनंदवर्धन : (नववे शतक). काश्मीरमधील संस्कृत साहित्यशास्त्रज्ञ व कवी. कल्हणाच्या राजतरंगिणीनुसार राजा अवंतिवर्मा (कार. ८५५–८८३) याच्या काळात तो प्रसिद्धीस आला. देवीशतक हे त्याचे स्तोत्रकाव्य उपलब्ध आहे. अर्जुनचरित आणि विषमबाणलीला ही काव्ये मात्र लुप्त झाली. त्याची कीर्ती ध्वन्यालोक या चार उद्द्योतांच्या (प्रकरणांच्या) ग्रंथावर उभी आहे. ग्रंथातील कारिका (सूत्ररूप श्लोक) व वृत्ती (त्यांवरील विवरण) एकाच हातच्या की नाहीत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

भामह, दंडी, वामन या पूर्वसूरींनी काव्याचा विचार मुख्यतः अलंकार, गुण व रीती यांच्या अंगाने केला होता. काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे शब्दांतून सूचित होणारा अर्थ होय, असे आनंदवर्धनाने प्रतिपादन केले. वस्तुध्वनी, अलंकारध्वनी व रसध्वनी असे त्याचे तीन प्रकार सांगून त्याने रसध्वनीला श्रेष्ठ ठरविले. गुण, अलंकार आणि शब्दरचना यांची योग्यता त्या त्या रसाला ती कितपत पोषक आहेत यावरून ठरते, अशी त्याची भूमिका आहे.

आपल्या म्हणण्यासाठी त्याने घेतलेले एक उदाहरण हालाच्या गाथासप्तशतीतले, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातले आहे. गोदाकाठच्या झाडीत प्रियकराला भेटणारी स्त्री तिथे फिरणाऱ्या एका धार्मिकाला सांगते, की आता खुशाल हिंडा. तुम्हाला भिववणाऱ्या कुत्र्याला झाडीतल्या सिंहाने मारले आहे. वाच्यार्थ परवानगीचा, सूचितार्थ मनाईचा. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला जाणार नाही, हे सहृदय वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

चौथ्या उद्द्योतात त्याने संपूर्ण महाभारताचा प्रधान रस शांत ठरविला. सुट्या श्लोकाच्या चिकित्सेकडून समग्र कृतीच्या परीक्षणाकडे नेणारे हे विवेचन आहे.

ध्वनिसिद्धांताला विरोधही झाला. भट्टनायकाने त्यावर टीका केली. कुंतकाने ध्वनीचा समावेश वक्रोक्तीत, म्हणजे वैचित्र्यपूर्ण उक्तीत केला. महिमभट्टाने व्यक्तिविवेकात व्यंजना, म्हणजे शब्दांची अर्थ सूचित करण्याची शक्ती, हे निव्वळ अनुमान असल्याचे म्हटले आणि वरील गाथाही त्याच पद्धतीने लावून दाखविली. अभिनवगुप्ताच्या लोचन टीकेने सिद्धांताला तात्त्विक बळ दिले, तर मम्मटाच्या काव्यप्रकाशामुळे तो अध्ययन-अध्यापनात रुजला.

ध्वन्यालोकाची मुद्रित आवृत्ती १८९१ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेत निघाली. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या भारतीय साहित्यशास्त्र या मराठी ग्रंथात ध्वनिविचाराची विस्तृत चर्चा आहे. सतराव्या शतकातील जगन्नाथ पंडितापर्यंतच्या बहुतेक साहित्यशास्त्रकारांनी आनंदवर्धनाचीच चौकट आधारभूत मानली.