सीएसव्ही फाइल : सर्व्हरवरील वाचन व लेखन

सीएसव्ही फाइल : एका ओळीत एक नोंद आणि नोंदीतले रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले, अशी साध्या मजकुराची फाइल. ही व्याख्या सर्वत्र आढळते, पण ती पुरती खरी नाही. रकान्यातल्या मजकुरातच स्वल्पविराम असू शकतो, नवी ओळही असू शकते. स्वल्पविरामाने तोडलेल्या यादीचे वाचन आयबीएमच्या फोरट्रान कंपायलरमध्ये १९७२ च्या सुमारास होते. या स्वरूपाचे नियम मात्र ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या टिपणात प्रथम एकत्र लिहिले गेले. याकोव शाफ्रानोविच यांचे हे टिपण ‘माहितीपर’ वर्गातले आहे. ते बंधनकारक मानक नाही. वहिवाट आधी आणि नियम तीन दशकांनी, असा हा क्रम असल्याने सीएसव्ही फाइल स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. रकाना अंकाचा की मजकुराचा, एन्कोडिंग कोणते, पहिली ओळ शीर्षकांची की नोंदीची, हे सगळे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला गृहीत धरावे लागते. ही गृहीतके कोडमध्ये उघडपणे लिहिलेली असावीत आणि त्यांत न बसणारी नोंद नाकारली जावी, हाच सर्व्हरवरील वाचनाचा मुख्य नियम मानायला हवा.

‘स्वल्पविरामावर ओळ तोडली की काम झाले’ ही समजूत अजून टिकून आहे. क्रमांक, पत्ता आणि रक्कम अशा तीन रकान्यांची ही नोंद पाहावी : ४१,"१२, शनिवार पेठ, पुणे",१,२५,०००. नुसत्या स्वल्पविरामावर तोडल्यास तिचे सात तुकडे पडतात. आरएफसी ४१८० पाळणारा पार्सर दुहेरी अवतरणचिन्हांतला पत्ता अखंड ठेवतो, तरी रकाने पाचच निघतात, कारण लाखाच्या रकमेतले स्वल्पविराम लिहिणाऱ्याने अवतरणचिन्हांत घातलेले नाहीत. म्हणजे एक चूक वाचणाऱ्याची आणि दुसरी लिहिणाऱ्याची. दुसरी चूक पार्सर दुरुस्त करू शकत नाही, फक्त पकडू शकतो, आणि तेही रकान्यांची संख्या तपासली तरच. तयार लायब्ररी वापरली म्हणजे सगळे निभावते असेही नाही. पीएचपीतील वाचन-लेखनाची फंक्शने वर्षानुवर्षे बॅकस्लॅशला खास अर्थ देत आली. आरएफसी ४१८० मध्ये तसा नियमच नाही. पीएचपी ८.४ पासून या आपोआप लागू होणाऱ्या वर्तनावर विसंबू नये अशी सूचना मिळते. पायथनमध्ये २००३ च्या २.३ आवृत्तीपासून सीएसव्हीचे स्वतंत्र मॉड्यूल आहे.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत एन्कोडिंग हा सर्वांत नाजूक भाग. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. नोड-जेएस मोठी फाइल वाचताना ठरावीक आकाराचे तुकडे घेते. प्रचलित आकार ६५,५३६ बाइटांचा आहे. या संख्येला ३ ने भागल्यास १ उरतो. त्यामुळे निव्वळ देवनागरी अक्षरांची फाइलही पहिल्याच सीमेवर एका चिन्हाच्या मध्यात तुटते, आणि तुकडे सुटे-सुटे मजकुरात बदलले तर तिथे अनोळखी चौकटी उमटतात. अपुरे बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवणारा डीकोडर वापरणे हाच यावर उपाय. एक्सेलमध्ये मराठी नीट दिसावे म्हणून फाइलीच्या आरंभी बीओएम नावाची तीन बाइटांची खूण टाकतात. तीच फाइल सर्व्हरवर परत आली की ती अदृश्य खूण पहिल्या शीर्षकाला चिकटते आणि ‘क्रमांक’ हा रकाना डोळ्यांना दिसत असूनही कोडला सापडत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फाइली हा वेगळाच विषय. त्यांत मुळात देवनागरी नसतेच.

दुसरा प्रश्न प्रकाराचा. एक्सेल बारा किंवा अधिक अंकांची संख्या घातांकी रूपात दाखवते आणि सीएसव्ही जतन करताना दिसते तेच लिहिते. आधार क्रमांकांचा रकाना एकदा तिथे उघडून जतन केला, की मूळ अंक फाइलीतून कायमचे जातात. ओळख पटवणारा कोणताही क्रमांक म्हणूनच मजकूर समजून वाचावा, त्याची लांबी तपासावी आणि घातांकी रूप दिसताच नोंद परत पाठवावी. काही प्रोग्रॅमरांचा याला आक्षेप असतो : वाचणाऱ्याने उदार असावे, चुकले-माकले सांभाळून घ्यावे. ज्या स्वरूपात चूक उघड दिसते तिथे हे चालेल. सीएसव्हीत बिघडलेली नोंदही धडधाकट दिसते, आणि उदारपणाची किंमत पुढच्या कोणाला तरी मोजावी लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या दैनिक आकड्यांतून १५,८४१ कोविड रुग्ण गळल्याचे उघड झाले. बीबीसीच्या वृत्तानुसार प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाइली एक्सेलच्या जुन्या साच्यात भरल्या जात होत्या, आणि त्या साच्यात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. वाचलेल्या आणि साठवलेल्या ओळींची संख्या एकमेकींशी ताडून पाहिली असती, तर गळती त्याच दिवशी दिसली असती.

मग सीएसव्ही सोडून जेसन का वापरू नये? जेसनमध्ये मजकूर आणि संख्या यांतला भेद फाइलीतच दिसतो, हा लाभ खरा. पण जावास्क्रिप्ट २ च्या ५३ व्या घातापलीकडचे पूर्णांक अचूक धरत नाही, त्यामुळे सोळा-सतरा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून लिहिला तर तिथेही शेवटचा अंक बदलू शकतो. शिवाय लेखाधिकारी, सर्वेक्षक, शाळेतला लिपिक यांना जेसन उघडून दुरुस्त करता येत नाही. सीएसव्ही टिकली ती या सोयीमुळे. यंत्रा-यंत्रांतल्या देवाणघेवाणीत मात्र तिचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

लेखन : फाइल थेट न खोडता त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून मग नाव बदलावे, म्हणजे अर्धवट फाइल कोणाच्या हाती पडत नाही. बाहेरून आलेला मजकूर बरोबरच्या चिन्हाने सुरू होत असेल, तर एक्सेल त्याला सूत्र समजून चालवू शकते. तो निष्प्रभ करूनच लिहावा.

टीएसव्ही : रकाने टॅबने वेगळे, अवतरणचिन्हांचे नियम सोडल्यास वरील बहुतेक विवेचन लागू.